वर्गणीच्या आधी वही: कोल्हापुरात मदतीचं काम उभं करू पाहणाऱ्या पोरापोरींसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी ४३ फूट, यावरून काय ते समजा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. त्या आठवड्यात आमच्या तालमीचं एक पोरगं घरात बसलं नाही. पाणी उतरलं, बाहेरगावाहून मदतीच्या गाड्या यायला लागल्या आणि आम्हाला एका मंगल कार्यालयात कपड्यांच्या ढिगापाशी बसवलं. तीन दिवस आम्ही लोकांचे जुने कपडे निवडत होतो. त्यात एकेकट्या चपला होत्या, फाटके स्वेटर होते, एक जरीची शेरवानीसुद्धा निघाली.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी, गाड्या बंद झाल्यावर, गल्लीतल्या एका आजींनी हाक मारली. "बाळांनो, बिस्किटं पुरे झाली. माझं पासबुक भिजलंय. निराधारचा पगार कुठं अडकलाय तेवढं बघता का?"

आम्ही नऊजण होतो, त्यातले चार ग्रॅज्युएट. निराधारचा पगार म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं. त्या कामाला चार महिने आणि अकरा हेलपाटे लागले. पुढं जे लिहिलंय ते बरंचसं त्या हेलपाट्यांतून शिकलेलं आहे.

पहिले चार रविवार नुसतं फिरायचं

बॅनर नाही, नाव नाही, टी-शर्ट तर अजिबात नाही. चाळीस पानी वही घ्या आणि एकच गल्ली किंवा एकच वसाहत धरा. अख्खी पेठ धरू नका, पोहोचणार नाही.

आधी घरोघरी जाऊ नका. ज्यांना गल्ली पाठ आहे त्यांच्याकडं जा: आशा ताई, अंगणवाडीच्या बाई, रेशन दुकानदार, दूध घालणारे मामा, मेडिकलवाला. कोण एकटं राहतं, कुणी गोळ्या अर्ध्याच नेल्या, कुणाचं दूध पाव लिटरवर आलं, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. मेडिकलवाल्याला रोगाचं नाव विचारू नका, ते त्यानं सांगायचं नसतं. "कुणाकडं जाऊन बसायला पाहिजे?" एवढंच विचारा.

मग दोघादोघांनी जायचं, आणि जोडीत एक मुलगी असेल तर फार बरं. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या दारात दोन दांडगे पैलवान उभे राहिले तर ती दार उघडेल का? चहा दिला तर घ्या. वहीत सहाच रकाने ठेवा: नाव, वय, घरात कोण, काय अडलंय, कुठले कागद आहेत, पुन्हा कधी जायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो, हे आमच्या पहिल्या वहीवरून सांगतो.

दोन गोष्टी टाळायच्या. जात विचारू नका. एखाद्या योजनेसाठी दाखला लागला तर तेव्हा बघू. आणि आधार कार्डाचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आम्ही टाकले होते. ग्रुपमध्ये ४० जण, त्यातले निम्मे कोण होते ते आजही सांगता येणार नाही.

एकच काम, एक वर्ष

फिरून झालं की दहा कामं दिसतात आणि पोरांना दहाही करायची असतात. एकच निवडा. आमचं ठरलं होतं: आपल्या गल्लीतले एकटे म्हातारे आणि त्यांचे कागद. तुमचं वेगळं असेल. सीपीआर या सरकारी दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी रात्री कुणीतरी लागतं. शहराबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. इचलकरंजीत यंत्रमागावरच्या घरांतून पोरांच्या शाळा सुटतात.

निवडण्याआधी या कामात कोण आहे ते बघून या. कोल्हापूर या बाबतीत रिकामं गाव नाही. अपंगांसाठी काही करायचं मनात असेल तर नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड इथंच आहे. मुलांसाठी बालकल्याण संकुल आहे. तिथं जाऊन आधी महिनाभर हाताखाली काम करा. नवी संस्था काढण्याची निम्मी हौस तिथंच विरते, आणि विरली तर बिघडत नाही. जुन्या संस्थेला पाच नियमित पोरं मिळतात.

तरुणांना कोण विचारतंय, असं कुणी म्हणालं तर छत्रपती शाहू महाराजांचं वय मोजायला सांगा. १८७४ चा जन्म, १८९४ च्या एप्रिलमध्ये कारभार हाती घेतला, म्हणजे वीसही पूर्ण नव्हती. दोन-तीन वर्षांत दुष्काळ आला आणि त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली. १९०१ साली पहिलं बोर्डिंग निघालं, मग एकामागून एक निघत गेली. दसरा चौकात उभं राहून चारही बाजूंना बघा. ही वसतिगृहं एका दिवसाच्या अन्नदानातून उभी राहिलेली नाहीत.

माणसं किती आणि वार कुठला

सात ते नऊ पुरेत. तीस जणांचा ग्रुप असला तरी काम सहाजणच करतात, मग उरलेल्या चोवीस जणांचे गुड मॉर्निंग कशाला? एकानं वही सांभाळायची, एकानं पैसे, एकानं सरकारी ऑफिसचं, एकानं दवाखान्याचं. आणि वार ठरवा. आमचा बुधवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर अर्धी तालीम असते, हे गृहीत धरून वार निवडा. पेठेतली मॅच असताना आजींकडं कोण जाणार नाही हे मी लिहून देतो.

अठराच्या आतलं कुणी असेल तर आई-वडिलांची परवानगी घ्या आणि त्यांना रात्रीच्या कामाला नेऊ नका. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेचा रस्ता सोपा पडतो: दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांना किंवा मॅडमना आपली वही दाखवा. झाडं लावून तास भरण्यापेक्षा त्यांनाही हे बरं वाटेल, निदान आमच्या सरांना वाटलं.

आता तो पगार

हा भाग लांब आहे, कारण इथंच पोरं दमून सोडतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालच्यांसाठी आहे: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, गंभीर आजारी, अनाथ मुलं. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये, अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो आणि वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत असावं लागतं (अपंगांसाठी मर्यादा यापेक्षा जास्त आहे). भागून बघा, दिवसाला साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. ही मर्यादा कुणी आणि कधी ठरवली हे विचारून उपयोग नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा, असेल तर काम हलकं होतं.

पहिला हेलपाटा कागदांचा. आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विधवा असतील तर पतीचा मृत्यूचा दाखला, अपंग असतील तर सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र. सगळे कागद अंथरुणावर पसरा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. गाडी अडते ती इथं. रेशन कार्डावर हौसाबाई, आधारवर हौसाताई, बँकेत माहेरचं आडनाव. आमच्या आजींचं तर वय तीन कागदांवर तीन. ऑफिसात जायच्या आधी हे दुरुस्त करायला घ्या, आणि सुरुवात आधारपासून करा, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात.

दुसरा बँकेचा. खातं बंद पडलंय का, आधार जोडलंय का, केवायसी झालंय का. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटते का ते आधार केंद्रावर विचारा. आजींना सकाळी लवकर न्या, बसायला पाट आणि प्यायला पाणी बरोबर ठेवा. हसू नका, दोन तासांच्या रांगेत पाटच उपयोगी पडतो.

मग सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून उत्पन्नाचा दाखला, आणि अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोचेवर तारीख आणि शिक्का बघा, फोटो काढा, मूळ कागद आजींकडंच राहू दे. अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर होतो आणि बैठक कधी लागेल ते आपल्या हातात नसतं. दर दोन आठवड्यांनी एकानंच जायचं, तोच चेहरा. क्लार्कला तुमचं नाव पाठ झालं पाहिजे. आवाज चढवायचा नाही. आमच्यातल्या एकानं पाचव्या हेलपाट्याला चढवला, त्याची भरपाई करण्यात सहावा आणि सातवा गेला.

कुणी "हजार द्या, करून देतो" म्हणालं तर नको म्हणा, आणि आजींनाही आधीच सांगून ठेवा. आजी एजंटाला आपल्यापेक्षा जास्त मानतात, कारण तो पैसे घेतो.

पगार सुरू झाला म्हणजे संपलं असं नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पगार थांबतो आणि का थांबला ते कुणी घरी येऊन सांगत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर नावापुढं महिना लिहून ठेवा.

एका घराला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. चार घरांचं काम झालं तर ७२,००० रुपये दरवर्षी गल्लीत येतात, तुमची एक रुपयाची वर्गणी न लावता. एवढ्यात शिध्याची किती किट येतील याचा हिशेब मी एकदा मंडळाच्या बैठकीत मांडला. त्या वर्षी किट वाटप रद्द झालं नाही, पण फोटोतली रांग जरा आखूड झाली.

पैसे लागतीलच, तेव्हा

पहिले सहा महिने रिक्षाभाडं आणि झेरॉक्स सोडून खर्च नसतो. तो आपापसात काढा. पुढं लोक स्वतःहून द्यायला लागतात, आणि घोटाळा तिथं सुरू होतो. चोरी कुणी करत नाही, हिशेब राहत नाही एवढंच. एकाच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर पैसे घेतले की त्याच्या घरचा पेट्रोलखर्च आणि आजींच्या गोळ्या एकाच पासबुकात मिसळतात. नंतर तो खरं बोलत असला तरी कुणाला पटत नाही. मैत्री तुटते.

म्हणून तीन रस्ते. तुमच्या तालमीची नोंदणी आधीच असेल तर तिच्या खात्यात वेगळ्या शीर्षाखाली पैसे घ्या. नसेल आणि एखाद्या कामापुरती वर्गणी काढायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणपतीला मंडळं घेतात तीच. नंतर हिशेब तिथं द्यावा लागतो. तिसरा रस्ता स्वतःची संस्था: किमान सातजण, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, जोडीला १९५० च्या कायद्याखाली नोंद. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर पुढं प्राप्तिकर खात्याची वेगळी नोंदणी आणि मंजुरी. परदेशातल्या मित्रानं डॉलर पाठवतो म्हटलं तर आभार माना आणि थांबवा, त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

माझं मत विचाराल तर वर्षभर काम केल्याशिवाय संस्था काढू नका. संस्था काढली की अध्यक्ष कोण यावर पहिले तीन महिने जातात.

खातं कुठलंही असो, दोन सह्या लागतील असं करा, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहा. गल्लीतले दोन काका रोज येऊन बेरीज तपासतात. यापेक्षा स्वस्त ऑडिटर मिळणार नाही.

गोळ्या, रक्त, भात

उपचाराला पैसे गोळा करण्याआधी तीन दारं वाजवा. सीपीआरमध्ये होतंय का, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का, आणि दवाखाना धर्मादाय आहे का. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तिथं समाजसेवा अधिकारी असतात, त्यांना भेटा. कागद म्हणून रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला. हे न बघता आम्ही एकदा रस्त्यावर डबा फिरवला होता, आणि योजनेत मोफत झालं असतं त्या ऑपरेशनला पैसे भरून बसलो.

रक्तदान शिबिरं आपल्याकडं जयंतीच्या दिवशी एकदम दहा होतात आणि मे महिन्यात पिशवी मिळत नाही. शिबिर नका घेऊ, यादी करा. १८ ते ६५ वय, ४५ किलोच्या वर वजन, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना तीन आणि महिलांना चार महिन्यांचं अंतर. यादीतल्या वेगवेगळ्या पाचजणांना दर महिन्याला पाठवत राहा.

लग्नातलं उरलेलं अन्न वाटणार असाल तर रात्री अकराचा भात सकाळी कुणाला देऊ नका. गरम आहे तोवर, दोन तासांत खाणाऱ्याच्या हातात जात असेल तरच उचला. आपल्या घरच्या म्हातारीला जे देणार नाही ते दुसऱ्याच्या म्हातारीला का?

टोळी आली की

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या टोळ्या शिवारात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ मजुरीची उचल आधीच घेतलेली, पालावर लहान पोरं. तिथं पोरं ब्लँकेट घेऊन जातात, फोटो होतो, ब्लँकेट येतंही उपयोगी. पण पहिल्या आठवड्यात मुकादमाला भेटून पोरांची यादी करा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत न्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही, जन्माचा दाखला नसला तरी, प्रवेश नाकारता येत नाही. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी पत्र दिलं असेल तर ते मागून घ्या. सहा वर्षांखालच्यांची नावं अंगणवाडीत द्या. पालावर संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा तिथं मोठं माणूस नसतं. आणि बायकांना विचारायला मुलींनीच जा. आंघोळीला आडोसा हवा, हे त्या आपल्याला सांगणार नाहीत.

फोटो, आणि कुठं थांबायचं

देणारा आणि घेणारा एका चौकटीत, मध्ये तेलाची पिशवी: हा फोटो काढायचाच नाही. घेणाऱ्याची नात त्याच कॉलेजात असते. काळजीची गरज असलेल्या, अत्याचार झालेल्या मुलांची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे. फोटोइतकंच वगळणंही माणसाला लागतं. हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो आपल्याच जिल्ह्यातला. तरी हळदीकुंकवाचं वाण वाटताना आमच्या मंडळानं दोन घरं वगळली होती. चूक एका मुलीनं दाखवली, तीही रडत.

काही गोष्टी आपल्या आवाक्याच्या नसतात. मूल एकटं सापडलं तर घरी नेऊ नका. १०९८ ला लावा, २४ तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे, "घरातलं आहे, मिटवू" चालत नाही. मारहाणीला ११२, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मनाच्या त्रासाला १४४१६. हे आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा.

जूनमध्ये पुराची तयारी

नदीकाठी काम असेल तर पाऊस सुरू होण्याआधी वही उघडा. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाकडं जनावरं आहेत. सगळ्यांचे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्या. आजींचं पासबुक आठवा. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की या घरांना हलवायला सुरुवात करा, ४३ ची वाट बघू नका. बोटीवर चढायची हौस आवरा. व्हाईट आर्मी या बचाव पथकाची आणि सरकारी पथकांची माणसं त्यासाठी शिकलेली आहेत. त्यांना कुठल्या घरात कोण अडकलंय हे सांगणारा माणूस हवा असतो, आणि ते तुम्हालाच माहीत असतं.

पाणी उतरल्यावर फावडी, खराटे, ब्लिचिंग, शेगडी, सॅनिटरी पॅड, वह्या. जुने कपडे नकोत. चिखलात उतरताना गमबूट घाला आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

वही दुसऱ्याच्या हातात

तिसऱ्या वर्षी तुम्ही पुण्याला नोकरीला जाल. सगळेच जातात. म्हणून दर जूनमध्ये अकरावीची दोन पोरं घ्या आणि त्यांना पहिले तीन महिने फक्त बरोबर फिरवा, काही करायला देऊ नका. चौथ्या महिन्यात तहसीलला त्यांनाच पाठवा आणि तुम्ही बाहेर चहाच्या गाडीवर थांबा.

आमची वही आता चौथी आहे. तालमीच्या कपाटात, गदेच्या खाली असते. किल्ली समोरच्या न्हावीकाकांकडं, कारण ते बुधवारीही दुकान उघडं ठेवतात.